बायकोच्या नावाचं रिव्हॉल्व्हर: परवान्यापासून सरावापर्यंत

बायकोच्या संरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं असेल, तर सुरुवात दुकानापासून करू नका, तिच्यापासून करा. परवाना तिच्या नावावर हवा, हत्यार तिनं हातात धरून निवडलेलं हवं आणि चालवायचा सराव तिनंच करायला हवा. खान्देशात बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. नवरा किंवा दीर स्वतःला आवडलेलं जड हत्यार घेतो, परवाना स्वतःच्या नावावर काढतो आणि घरी सांगतो, "कपाटात आहे, वेळ आली तर काढ." ती वेळ आली तर तिला त्याची कडी उघडता येत नाही. शिवाय ते हत्यार हातात घेणं तिच्यासाठी कायद्यानं गुन्हा ठरू शकतं, कारण शस्त्र परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारकाच्या समक्ष दुसऱ्यानं शस्त्र हाताळायला कायद्यात मर्यादित सवलत आहे. दुरुस्ती, नूतनीकरण अशा कामासाठी लेखी अधिकार देऊन शस्त्र पाठवण्याचीही सोय आहे. नवरा सुरतेला गेला असताना बायकोनं त्याचं रिव्हॉल्व्हर वापरावं, याची सोय मात्र कुठेच नाही.

आधी धोका कोणता ते लिहून काढा

हे काम कागदावरच करा. पुढे अर्जातही तेच लिहायचं आहे. भुसावळ रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचा गल्ला ती रोज संध्याकाळी बँकेत नेते का? जळगावात सराफी दुकान तिच्या नावावर आहे आणि माल घेऊन ती ये-जा करते का? शेतीची वीज रात्रीची म्हणून नवरा पाणी द्यायला बांधावर आणि ती मळ्यातल्या घरात मुलांसह एकटी, असं चालतं का? कुणी नाव घेऊन धमकी दिली आहे का? प्रत्येक ठिकाणी धोका वेगळा आणि त्याला पुरणारा उपायही वेगळा. मळ्यातल्या घराला आधी जाड दार, आतून अडसर, बाहेर प्रकाश, भुंकणारा कुत्रा आणि ११२ ला लागणारा फोन हवा. रस्त्यावरच्या छेडछाडीला मिरचीचा स्प्रे पुरतो आणि त्याला परवाना लागत नाही. पैशांची ने-आण असेल तर रोजची वेळ आणि रस्ता बदलणं कोणत्याही हत्यारापेक्षा जास्त वाचवतं. हे सगळं करूनही जीवाचा धोका उरत असेल, तरच पुढे जा.

यावल-रावेर पट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं रिव्हॉल्व्हर मागणारेही आहेत. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि .३२ च्या गोळीनं जखमी झालेला बिबट्या न जखमी झालेल्यापेक्षा कितीतरी घातक असतो. केळीच्या बागेतल्या रानडुकरांचंही तसंच. पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा असतो आणि त्याची बंदूकही वेगळी.

आणखी एक गोष्ट घरातल्या घरात प्रामाणिकपणे बोला. घरात कुणी रोज दारू पितं का, नवरा-बायकोत हात उगारण्यापर्यंत भांडणं जातात का, कुणी खचलेलं आहे का, जीव द्यायची भाषा करतं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर त्या घरात हत्यार आणू नका, परवाना मिळत असला तरी. बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्याच माणसाचा जीव त्या हत्यारानं जाण्याची शक्यता मग मोठी होते.

गावठी कट्ट्याचं नावही काढू नका

सातपुड्याच्या सीमेवर, चोपड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी कशासाठी बदनाम आहे हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. तिकडचा कट्टा स्वस्त मिळतो आणि 'घरात असू द्या' म्हणून चांगली माणसंही तो घेतात. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद, वर दंड. ते हत्यार तुमच्या बायकोच्या उशाशी सापडलं तर तुरुंगात ती जाईल. शिवाय कट्ट्याची नळी कशाची केली, तिला किती दाब सोसेल, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. गोळी झाडताना नळी फाटली तर जाते ती चालवणाऱ्याचीच बोटं.

परवाना कसा काढायचा

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत पोलिस आयुक्तालय नाही, म्हणून परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी. अर्ज नमुना ए-१ मध्ये, एनडीएएल-एलिस या केंद्रीय पोर्टलवर भरायचा आणि त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायची. अर्जदार २१ वर्षं पूर्ण झालेली हवी. फोटो, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, जन्मतारखेचा दाखला, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र जोडावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग गरजेचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे व्यवसाय, पेशा, नोकरी किंवा अन्य कारणानं जीविताच्या वा मालमत्तेच्या संरक्षणाची खरी गरज असलेल्या व्यक्तीचा विचार होतो. "स्वसंरक्षणासाठी" एवढाच शब्द लिहून पाठवलेले अर्ज पडून राहतात किंवा नाकारले जातात. म्हणून आधी काढलेला कागद इथे उपयोगी पडतो: व्यवसाय तिच्या नावावर असल्याचा जीएसटी दाखला, प्राप्तिकर विवरण, रोख भरण्याच्या बँक स्लिपा, धमकी आली असेल तर दाखल केलेल्या तक्रारीची किंवा एफआयआरची प्रत. गरज नवऱ्याच्या धंद्यामुळे असेल, तर तिचा त्या धंद्यात नेमका काय वाटा आहे हे कागदोपत्री दिसू द्या.

मग पोलिस ठाण्याकडून चौकशी येते. हवालदार घरी येईल, शेजाऱ्यांकडे विचारेल, चारित्र्य तपासेल. चौकशीला तिनंच सामोरं जावं. ओटीवर नवरा बोलतोय आणि ती आत चहा टाकतेय, हे चित्र अर्जाचं नुकसान करतं. हत्यार कशासाठी, कुठे ठेवणार, चालवायला कुठे शिकली, या प्रश्नांची उत्तरं तिच्या तोंडून येऊ द्या.

नकार आला तर कारण लेखी मागा. शस्त्र कायद्याच्या कलम १४ नुसार कारणं नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि सार्वजनिक हितासाठी राखून ठेवलेली सोडता ती मागितल्यावर मिळतात. त्यावर कलम १८ खाली नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे ३० दिवसांत अपील करता येतं. पैसे घेऊन 'जम्मूचा' किंवा 'नागालँडचा' परवाना आणून देतो म्हणणारे एजंट भेटतील. तसले बनावट परवाने उघडे पडून माणसं आत गेलेली आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

परवाना हातात आला की त्यावरचं क्षेत्र वाचा. फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर नवापूर ओलांडून सुरतेला जाताना किंवा शिरपूरहून सेंधव्याकडे जाताना ते हत्यार बरोबर नेता येत नाही. खान्देशातल्या माणसाची निम्मी सोयरीक आणि निम्मा व्यापार त्या दोन्ही सीमांच्या पलीकडे असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बऱ्हाणपूरला लग्नाला जाताना पर्समधलं रिव्हॉल्व्हर आधी घरी तिजोरीत ठेवायचं.

बोअर आणि बाजारात काय मिळतं

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. ९ एमएम, .४५, .४५५ ही सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरं. त्यामुळे व्यवहारात निवड उरते .३२ आणि .२२ यांची. .२२ चा धक्का जवळपास नसतो, पण गोळी हलकी असते. शिवाय त्या काडतुसाच्या कडेला ठोका बसून ते पेटतं, आणि अशा काडतुसांत मध्यभागी ठोका बसणाऱ्या काडतुसांपेक्षा फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त. संरक्षणासाठी माझा कल स्पष्टपणे .३२ कडे आहे. मनगटाला किंवा बोटांच्या सांध्यांना दुखणं असेल आणि .३२ खरोखर झेपत नसेल, तरच .२२ बघा. 'निदर' हे सरकारी कारखान्याचं .२२ रिव्हॉल्व्हर अवघं २५० ग्रॅमचं आहे.

.३२ मध्ये नाव सगळ्यांना माहीत असतं ते 'निर्भीक'चं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं जानेवारी २०१४ मध्ये ते महिलांसाठी म्हणून आणलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, सहा गोळ्यांचं. तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये होती. कानपूरच्याच स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं जुनं, जड .३२ रिव्हॉल्व्हर आपल्याकडे सर्वांत जास्त घरांत आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबळ'चं सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरणारा भाग, बाजूला उघडतं आणि नळी ७६ मिलिमीटरची आहे. हरदोईजवळ वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं २०२० पासून .३२ रिव्हॉल्व्हर बनतात. पिस्तुलात सरकारी कारखान्याचं 'अशनी' आहे. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाल्यामुळे जुनी विलायती रिव्हॉल्व्हर सोन्याच्या भावानं विकली जातात. ती दिसायला देखणी असतात, पण सुटे भाग मिळत नाहीत. पहिल्यांदा हत्यार घेणाऱ्या बाईसाठी ती घेऊ नका.

बजेट करताना कर विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी ४० टक्के झाला आहे. त्यात काडतुसं, म्यान, तिजोरी आणि सरावाचा खर्च धरा. हत्यारावर सगळे पैसे संपवून सरावाला काही न उरणं, याच्याइतका वाईट सौदा नाही.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

रोज सराव न करणाऱ्या माणसासाठी रिव्हॉल्व्हर. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरतं आणि पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात तेव्हा स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे खेचून अडकलेलं काडतूस बाहेर काढावं लागतं, आणि ते काम थरथरत्या हातांनी, अंधारात करण्यासाठी शेकडो वेळा केलेलं असावं लागतं. .३२ च्या छोट्या पिस्तुलांची स्लाइड ओढायलाही जड असते. ही पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीनं चालतात, म्हणजे गोळीचा दाब थोपवायला फक्त स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग असते. त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते. दुकानात तिला ती ओढू द्या. दहापैकी दहा वेळा पूर्ण मागे गेली, तरच पिस्तुलाचा विचार. पिस्तूल चपटं असतं, कमरेला दिसत नाही, भरायला पटकन होतं, हे त्याचे गुण खरे आहेत. रोज रोकड घेऊन फिरणाऱ्या आणि महिन्याला सराव करणाऱ्या बाईनं ते जरूर घ्यावं.

एक लक्षात ठेवा: .३२ रिव्हॉल्व्हरचं आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. खरेदी करताना आणि परवान्यावर नोंद होताना दोन्ही वेळा हे तपासा.

तिच्या हाताचं माप

सगळ्या निवडीचा निकाल इथे लागतो, म्हणून घाई करू नका. दुकानदाराला हत्यार रिकामं करून दाखवायला सांगा. तिनंही स्वतः उघडून, काडतुसं बसतात ती सहाही घरं डोळ्यांनी बघून आणि बोट लावून रिकामी असल्याची खात्री करावी. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. नळी कायम जमिनीकडे किंवा दुकानदार सांगेल त्या सुरक्षित भिंतीकडे.

मग मूठ धरायला सांगा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी चांगली. मनगट, हात आणि नळी एका रेषेत यायला हवेत. आता तर्जनी चापावर ठेवल्यावर बोटाचं पहिलं पेर चापाच्या मध्यावर येतंय का बघा. फक्त टोक पोचत असेल तर मूठ मोठी आहे. चाप ओढताना नळी बाजूला सरकेल आणि नेम चुकेल. बोट फार आत जात असेल तर मूठ लहान. लाकडी मूठ बदलून किंवा घासून हे थोडं जुळवता येतं, पण फार फरक असेल तर दुसरं हत्यार बघा.

पुढचं चापाचं वजन. रिव्हॉल्व्हरचा चाप दोन प्रकारे ओढता येतो: घोडा (मागचा, काडतुसावर ठोका मारणारा भाग) आधी अंगठ्यानं चढवून, किंवा थेट चाप ओढून, ज्यात घोडा चढणं आणि पडणं दोन्ही त्या एका ओढीत होतं. भीतीच्या क्षणी घोडा चढवायला वेळ नसतो आणि चढवलेल्या घोड्यावर थरथरतं बोट म्हणजे नको तिथे गोळी. म्हणून तिला थेट ओढीनंच चालवता आलं पाहिजे. आपल्याकडची .३२ रिव्हॉल्व्हर या ओढीत जड असतात, हे खरं आहे. दुकानदाराच्या परवानगीनं, आत सरावाची खोटी काडतुसं घालून, तिला सलग सहा वेळा चाप ओढायला लावा. सहाव्या ओढीला नळीचं टोक डगमगत असेल किंवा दुसऱ्या हाताचं बोट मदतीला येत असेल, तर ते हत्यार तिचं नाही. दोन-तीन नग मागून बघा. एकाच कारखान्याच्या एकाच मॉडेलमध्येही ओढीत फरक असतो. घरी स्प्रिंग कापून चाप हलका करून देणारे कारागीर भेटतात. स्प्रिंग कापली की घोड्याचा ठोका कमी पडतो आणि ऐन वेळी नुसता 'टक' आवाज येतो.

वजनाचं गणित उलटं आहे हे बायकांना कुणी सांगत नाही. हलकं हत्यार पर्समध्ये बरं वाटतं, पण झाडताना धक्का जास्त देतं. जड हत्यार धक्का गिळतं. मुख्यतः घरात, तिजोरीत राहणार असेल तर ७०० ग्रॅमच्या आसपासचं पोलादी रिव्हॉल्व्हर तिला शिकायलाही सोपं जाईल. रोज अंगावर वागवायचं असेल तर ५०० ग्रॅमचं. दोन्ही गरजा एका हत्यारात बसवायच्या असतील तर मी जड बाजूला झुकेन, कारण ज्याचा धक्का दुखतो त्याचा सराव होत नाही.

शेवटी, सिलिंडर उघडून भरणं. कानपूरची जुनी पद्धत म्हणजे वरची कडी दाबली की नळी खाली मोडते आणि झाडलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं आपोआप वर येतात. कडी कडक असेल तर लहान हाताला त्रास होतो. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरला कडी हलकी असते, पण टोपणं काढायला दांडा जोरात दाबावा लागतो. दोन्ही करून बघायला सांगा, बांगड्या घालून आणि साडीच्या पदरासह, जशी ती रोज असते तशीच.

जुनं हत्यार घेताना

ओळखीतल्या कुणाकडून घ्यायचं असेल, तर विकणाऱ्यानं जिल्हाधिकारी आणि जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात. तोवर हत्यार हलवायचं नाही.

तपासणी अशी करा. उघडलेल्या नळीच्या मागे पांढरा कागद धरा आणि पुढून बघा. आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, स्पष्ट दिसावेत. काळे खड्डे म्हणजे गंज, आणि एखादी गोल काळी वळी दिसली तर कधीतरी अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेली आहे आणि नळी फुगली आहे. तसलं हत्यार फुकट मिळालं तरी घेऊ नका. मग बंद करून, अंगठ्याचा हलका दाब सिलिंडरवर ठेवत घोडा सावकाश चढवा. घोडा पूर्ण चढायच्या आत सिलिंडर जागेवर अडकलं पाहिजे, आणि हे सहाही घरांवर बघायचं. एखाद्या घरावर ते मागे राहत असेल तर गोळीचा शिशाचा कपचा बाजूला उडतो. चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्यानं ढकलून बघा, तो पडता कामा नये. सिलिंडर आणि नळीमधली फट सगळीकडे सारखी आणि बारीक हवी. वरच्या कडीत खेळ असेल, बंद केल्यावर नळी हातानं हलत असेल, तर नको. नंबर परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. पुसून पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरा.

काडतुसं

नागरी .३२ ची काडतुसं बहुतेक पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची असतात. बुडावर 'केएफ' आणि वर्ष ठोकलेलं असतं. आपल्या वरणगावची आयुध निर्माणी लष्कराची काडतुसं बनवते, ती नागरिकासाठी नाहीत. वर्ष बघून ताजा माल घ्या. डबी फोडल्यावर हिरवट डाग, चेपलेलं टोपण, खोल बसलेली गोळी वेगळी काढा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात किंवा बंद गाडीत काडतुसं कधीच ठेवू नका. बारुद उष्णतेनं खराब होतं. हत्यारात भरण्यासाठी ठेवलेली काडतुसं दरवर्षी सरावात संपवा आणि नवी घ्या. किती घ्यायची आणि बाळगायची याची मर्यादा परवान्यावर असते, आणि झाडलेल्यांचा हिशोब वहीत ठेवा.

सराव

स्वतःच्या शेतात, विहिरीवर, केळीच्या बागेत गोळी झाडून बघायची नाही. गोळी कुठवर जाईल याचा भरवसा नसतो आणि निष्काळजीपणे किंवा आनंदात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हळदीला, वरातीला हत्यार घरातून बाहेरच काढू नका. रायफल क्लबचं सदस्यत्व तिच्या नावानं घ्या आणि तिथल्या प्रशिक्षकाकडून शिकू द्या. नवऱ्यानं शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. ओरडून शिकवलेली बाई हत्याराला घाबरायला लागते.

घरच्या सरावासाठी .१७७ चं एअर पिस्तूल चांगलं. गोळीचा जोर २० जूलच्या (ऊर्जेचं एकक) आतला असेल तर त्याला परवाना लागत नाही. चाप सरळ मागे ओढणं, श्वास आणि नजर, हे सगळं दहा मीटरवर त्यानं शिकता येतं. खऱ्या हत्याराची पारख मात्र रेंजवरच. नवं हत्यार किमान शंभर गोळ्या अडथळ्याविना चाललं, तरच मी त्याला भरवशाचं म्हणेन. कोट्याप्रमाणे हे शंभर पूर्ण व्हायला कदाचित वर्ष लागेल, लागू द्या. झाडलेल्या टोपणाच्या बुडावर ठोका मध्यभागी आणि खोल आहे का बघत जा. गोळी नाही उडाली तर नळी निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधीकधी बारुद उशिरा पेटतं. निर्भीकचा पल्ला १५ मीटर सांगतात, पण तिचा सराव तीन ते सात मीटरवर होऊ द्या. घराच्या खोलीत याहून मोठं अंतर नसतं.

घरात ठेवणं आणि बरोबर नेणं

उशीखाली नाही, धान्याच्या कोठीत नाही, गोदरेज कपाटातल्या साड्यांखाली नाही. मुलांना या जागा आधीपासून माहीत असतात. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं पक्की केलेली छोटी तिजोरी घ्या, आकड्यांच्या कुलुपाची, जी ती अंधारात उघडू शकेल. काडतुसं वेगळ्या कुलपात. रात्री एकटी असताना भरून ठेवायचं असेल तर ते तिच्या हाताशी आणि कुलपातच, सकाळी उठल्यावर पहिलं काम ते रिकामं करण्याचं. घोडा अडवणारी यंत्रणा नसलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं, म्हणजे हातातून पडलं तरी गोळी सुटत नाही.

चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्महिने ठेवू नका. चामडं दमट हवा धरतं आणि पावसाळ्यात पोलाद गंजतं. जिनिंगजवळ राहणाऱ्यांना माहीत आहे, कापसाचा बारीक तंतू कशातही शिरतो. तेल जास्त लावलं की तो तेलात अडकून चापाच्या यंत्रणेत लगदा होतो. उन्हाळ्यात तेलाचा हलका हात, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पुसणं, आणि झाडल्यावर त्याच दिवशी नळी साफ करणं.

बरोबर नेताना हत्यार म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं, नियमच तसा आहे. पर्समध्ये नेत असेल तर त्याचा स्वतंत्र कप्पा, चाप झाकणारं म्यान, आणि त्या कप्प्यात किल्ल्या, चिल्लर, कंगवा काहीही नाही. पर्स खुर्चीला अडकवून उठायचं नाही, मंदिरात, दवाखान्यात, कुठेही. मूळ परवाना कायम सोबत.

चाप कधी ओढायचा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर इजा होण्याची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पळून जाणाऱ्याच्या पाठीत गोळी घालायचा तर नाहीच. चोर कापसाच्या गाठी घेऊन पळत असेल तर पळू द्या. हत्यार दाखवून कुणाला धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा होतो, मग तो बांधाचा वाद असो की भाऊबंदकीचा. हे सगळं तिला वकिलाकडून एकदा समजावून घेऊ द्या, नवऱ्याकडून ऐकीव नको. गोळी झाडावी लागलीच, तर सुरक्षित झाल्याबरोबर ११२ ला फोन, जखमीला दवाखाना, हत्यार जिथे आहे तिथे, आणि पोलिसांना पहिलं सांगणं खरं आणि थोडक्यात.

वर्षाच्या वहीत लिहून ठेवायचं

परवाना साधारण पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. पत्ता बदलला, माहेरी-सासरी कायमचं राहायला गेली, तर शस्त्र शाखेला कळवा. निवडणूक लागली की पोलिस ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा केल्याची पावती घ्या आणि परत घेताना नंबर व काडतुसं मोजून घ्या. हत्यार चोरीला गेलं किंवा हरवलं तर त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात तक्रार आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवणं, कारण त्या नंबरानं झालेल्या प्रत्येक गुन्ह्याची चौकशी आधी परवानाधारकाच्या दारात येते. आणि परवानाधारकाचं निधन झालं तर घरच्यांनी ते हत्यार वारसा म्हणून कपाटात ठेवून द्यायचं नाही, लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाच्या परवान्याचा अर्ज करायचा.